बटणाच्या वरची ओळ

भाऊजी, तुमच्या तेरवीच्या आदल्या दिवशी मी टीकारामजीच्या घरी कुऱ्हाड घेऊन गेलो होतो. तुमचीच कुऱ्हाड, तुमचीच मोटरसायकल. ताईला सांगितलं, सरपण आणायला जातो. तिला कळलंच असणार. मी जन्मात कधी सरपण आणलंय? कॉम्प्युटरसमोर बसून ढेरी वाढवलेला माणूस मी, कुऱ्हाड कशी धरतात तेही नीट माहीत नाही. तुम्ही असता तर म्हणाला असता, "काऊन बे नऱ्या, सोताचाच पाय तोडशीन, ठेव थे खाली."

पण त्या दिवशी मला रक्त पाहिजे होतं. हे लिहायला लाज वाटत नाही. कामठ्याच्या पुढे रस्ता तलावाच्या पारीवरून, मातीच्या बांधावरून जातो, तिथून जाताना मी मोठमोठ्यानं शिव्या देत होतो, आणि पारीवर मासे विकणाऱ्या बाया माझ्याकडे बघत होत्या. ज्या माणसाच्या तारेनं तुमचा जीव घेतला, माझी बहीण उघडी पडली, तो चार दिवस कोठडीत काढून जामिनावर घरी येतो, अंगणात बसून बिडी ओढतो, हे मला सहन होत नव्हतं. त्याला तोडायचं, मग माझं काय व्हायचं ते होवो.

टीकारामजी अंगणात खाटेवर बसले होते. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. त्यांची बायको आडवी आली, तिला मी ढकललं. हो, म्हातारीला ढकललं. ती धानाच्या पोत्यांवर जाऊन आदळली. मी ओरडत होतो, "माह्या बहिणीचा संसार जाळला तुनं! ऊठ! उठून उभा राहा!"

ते उठले नाहीत. म्हणाले, "मार बापू. मले बी जगून काय कराचं हाय? पन माराच्या आधी एक सांग." आणि खिशातून मोबाईल काढला. काच तडकलेली होती. त्या तडकलेल्या काचेवर माझं पान उघडलेलं होतं. मी केलेलं पान, भाऊजी, तुमच्या मशीनच्या जाहिरातीचं. सगळ्यात वर तुमच्या हाताचा फोटो. "कोठडीतून आल्यापासून मी चार डाव वाचलं. तारेत डायरेक करंट सोडू नोका, मानूस मरते, असं येच्यात कोठी लिवलं हाय? दाखव मले बोट लावून."

मला वाटलं, चोराच्या उलट्या बोंबा. कुऱ्हाड तशीच वर होती. पण बोट कुठे लावणार होतो मी? मला तर माहीत होतं ना, ती ओळ त्या पानावर कुठेच नाही. मीच काढली होती.

हे तुम्हाला माहीत नाही. तुम्ही गेलात तेव्हाही तुम्हाला हेच वाटत होतं, की तुमची ओळ पानाच्या तळाशी का होईना, आहे. हे सांगायलाच लिहायला बसलोय. बाकी तुमच्याबद्दल काय लिहू? मोटर वायंडिंगचं दुकान होतं, हाताला तेलाचा वास होता, ताईवर जीव होता, ते गावाला माहीत आहे.

तुम्हाला लँडिंग पेज म्हणजे काय हे समजवायला मला अख्खी दुपार लागली होती, आठवतं? गोंदियाच्या बाजारात कापडदुकानाच्या वर माझं ते दीड खोलीचं ऑफिस. तुम्ही पोत्यात गुंडाळून तुमची झटका मशीन आणली होती. पत्र्याचा डबा, आत बॅटरी, वर सोलरची पाटी, आणि टक्, टक्, टक्, दर सेकंदाला एक ठोका. शेताभोवतीच्या तारेत हा ठोका जातो, डुकराच्या नाकाला बसतो, डुक्कर किंचाळत पळतं, पण मरत नाही. माणूसही मरत नाही. हीच तुमची सगळी घमेंड होती. "मारनं कोनाले बी जमते," म्हणायचे, "न मारता हाकलनं, याले अक्कल लागते."

"मंग वेबसाइट बनव मले," तुम्ही म्हणालात.

"वेबसाइट नको भाऊजी. वेबसाइट म्हणजे आठवडी बाजार. माणूस फिरतो, चार दुकानं बघतो, भजे खातो, घरी जातो. लँडिंग पेज म्हणजे एकच दुकान, एकच माल. मोबाईलवर जाहिरात दिसली, बोट दाबलं, की तो थेट या पानावर येऊन पडला पाहिजे. आणि पडला की बटण दाबल्याशिवाय बाहेर नाही गेला पाहिजे."

"म्हंजे मच्छीचं जाळं."

"हां, जाळंच."

"मच्छीले मालूम नाही राहत नं पन," तुम्ही म्हणालात आणि चहा मागवला. मी हसलो. मला वाटलं खेड्यातला माणूस, धंदा कळत नाही.

मग मी तुम्हाला माझे नियम सांगितले. ते मी सगळ्यांनाच छाती फुगवून सांगायचो. पहिल्या स्क्रीनवर एक मोठं वाक्य, एक फोटो, एक बटण. चौथं काही नाही. माणसाला विचार करायला लावलं की माणूस गेला. बटणाच्या आड काही येऊ द्यायचं नाही. वाक्य मी तिथल्या तिथे लिहिलं: एक झटका, डुक्कर पुन्हा येणार नाही. शंभर टक्के हमी.

"शंभर टक्के?" तुम्ही म्हणालात. "डुकराले इचारलं का?"

फोटोचा दिवस तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. तुमच्या परसात तार बांधली होती. मी म्हटलं, माणसाचा चेहरा पाहिजे, चेहरा पाहून विश्वास बसतो. तुम्ही म्हणालात, चेहऱ्यानं काय होते, थांब. आणि सरळ उजव्या हाताच्या मुठीत तार धरली. टक्! तुम्ही अशी शिवी हासडली की शेजारची कोंबडी उडाली. "घे फोटो! घे लवकर, साळ्या!" माझा हात हलला, फोटो बिघडला. पुन्हा धरली. पुन्हा बिघडला. सहा-सात वेळा तुम्ही झटका खाल्लात आणि दर झटक्याला माझ्या खानदानाची नवी शिवी. शेवटी ताई दारात येऊन म्हणाली, "त्यायले मारून टाकतं का रे?" आणि आपण दोघं हसून हसून जमिनीवर बसलो.

तोच हात पानावर गेला. तार मुठीत घट्ट, मनगटावरची शीर तटतटलेली, चेहरा नाही, फक्त हात. इतका खरा फोटो मी दहा वर्षांच्या धंद्यात काढला नव्हता. लोक बघत आणि बटण दाबत. तुमच्याकडे साधा फोन, बटणवाला. तो दिवसभर खणखणायचा. बालाघाटकडून, छत्तीसगडकडून, आमगाव-सालेकशाकडून. "भैया, वो हाथ से तार पकड़ने वाली मशीन आपकी ही है क्या?" तुम्ही खूश होतात. मला म्हणालात, "नऱ्या, तुह्या डोक्यात गोबर नाही, मले आतापर्यंत वाटे." तुमच्या तोंडून याहून मोठी शाबासकी मला कधी मिळाली नाही.

पण भांडण सुरुवातीपासूनच होतं. ती ओळ.

तुम्ही प्रत्येक डब्याच्या झाकणावर लाल मार्करनं हातानं लिहायचात: "तारेत डायरेक करंट सोडाल त मानूस मरल. आन तो तुमच्या वळखीचाच राहील." अक्षर वाकडं, शुद्धलेखनाचा पत्ता नाही. तुम्हाला ते पानावर पाहिजे होतं. आणि कुठे? बटणाच्या वर. मी कपाळावर हात मारला. "भाऊजी, मशीन घ्यायला आलेल्या माणसाला तुम्ही मेलेला माणूस दाखवता? कोण घेईल?"

"नाही घेतलं त नाही घेतलं."

"आणि तुमची मशीन तर मारतच नाही! मग मरणाचं कशाला लिहायचं?"

"माही मशीन नाही मारत. पन मशीन बंद पडली, बॅटरी उतरली, का मानूस काय करते? तार त बांधलेलीच हाय. मोटरच्या पेटीतून वायर ओढते आन देते जोडून, थेच डायरेक करंट. तार मी देल्ली न त्याले? मंग सांगनं माहं काम हाय."

मी म्हटलं, तळाशी टाकू, बारीक अक्षरात. ज्याला पाहिजे तो खाली सरकवून वाचेल. तेव्हा तुम्ही तुमच्या आज्याला काढलंत. तुमच्या घराण्यानं तलाव बांधले, हे मी लग्नाच्या बोलणीपासून ऐकत आलोय. "माह्या आज्यानं तलाव बांधला तवा पहिले सांडवा कोठी ठेवाचा थे पाह्यलं. पानी चढलं त कोठून जाईन, थे पहिले. मंग पार बांधली. तू पार बांधून राहिला आन सांडवा म्हनतं मांगून पाहू. पार फुटन नं बे!"

"मला धंदा शिकवू नका," मी म्हणालो. "तुम्हाला मोबाईलवर पान उघडता येत नाही आणि मला शिकवता."

"आन तुले तार बांधता येते का? खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकतं निस्ता."

इथे माझं टाळकं सरकलं. का सरकलं, आज विचार केला तर कळत नाही. बहुतेक खरं बोललात म्हणून. मी उठलो आणि तुम्हाला दोन्ही हातांनी ढकललं. बहिणीच्या नवऱ्याला! तुम्ही मागे लोखंडी कपाटाच्या कोपऱ्यावर आपटलात. कपाळ फुटलं. रक्त भुवईवरून गळून माझ्या कीबोर्डवर पडलं. खालचा कापडवाला वर धावत आला, "अरे क्या हुआ, क्या हुआ?" आणि तुम्ही कपाळाला रुमाल दाबून त्याला म्हणालात, "कुछ नहीं सेठ, कपाट नया है, पहचानता नहीं."

तो गेल्यावर माझ्याकडे वळलात. "रगत निंघालं त निंघालं," तुम्ही म्हणालात. "ओळ कोठी टाकतं थे सांग."

चार टाके पडले. ताईला तुम्ही फाटकाचा अँगल लागला म्हणून सांगितलंत. ती मला म्हणाली, "तू होता न रे संगं, पाहत नव्हता का?" तुम्ही तिच्यामागून मला डोळा मारलात. मी माफी मागितली नाही. तुम्ही मागू दिली नाही असं मी इतके दिवस स्वतःला सांगत आलोय, पण तसं नाही. मला मागायची नव्हती. मला वाटत होतं, धंद्याच्या बाबतीत मीच बरोबर आहे.

ओळ टाकली मी. तळाशी, फिक्या करड्या रंगात. तुम्ही ऑफिसात येऊन माझ्या स्क्रीनवर ती पाहिलीत, नाकाला नाक लावून वाचलीत. "दिसत नाही बराबर," म्हणालात, पण मान हलवलीत. त्यानंतर तुम्ही पान कधी पाहिलं नाही. कशावर पाहणार? आणि मी महिन्याभरानं, खेड्यात नेट कमी, पान उघडायला वेळ लागतो, म्हणून खालचा सगळा भाग एका दुपारी कापून टाकला. ओळ त्यात गेली. मला थांबून विचारही करावासा वाटला नाही. दोन बटणं दाबली आणि जेवायला गेलो.

एवढ्यावर थांबलो असतो तरी झालं असतं. पण मागणी वाढली, तुम्हाला सगळीकडे जाऊन तार बांधून देणं जमेना, तेव्हा डबे माझ्या ऑफिसातून जायला लागले. तुमचं लाल मार्करचं अक्षर मला घाण वाटायचं. मी स्टिकर छापून घेतले. चकचकीत, वर तुमचाच हात, एक झटका, डुक्कर पुन्हा येणार नाही. ते मी स्वतःच्या अंगठ्यानं दाबून दाबून झाकणावर चिकटवायचो. बरोबर तुमच्या ओळीवर.

टीकारामजी बाजारच्या दिवशी माझ्याकडून डबा घेऊन गेले. तुमची त्यांची गाठ पडली नाही. मला विचारलं, "बापू, याच्यानं नाही थांबले डुक्कर त?" मी मोबाईलमध्ये डोकं घालून होतो. म्हटलं, "शंभर टक्के थांबतात, काका. लिहिलंय ना."

धान लोंबीवर आलं तेव्हा त्यांच्या बांधीत डुकरांचा कळप शिरला. कुत्रं आडवं गेलं, त्याचं पोट डुकरानं सुळ्यानं उघडं केलं. आतडी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर पडली होती, आणि कुत्रं तासभर मेलं नाही, असं टीकारामजीची बायको सांगत होती. मशीन बंद होती. बॅटरीची एक वायर सैल झाली होती, एवढंच. तिनं पानावरच्या नंबरवर तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, सकाळी येतो माय, काही करू नोका तवरीक. टीकारामजीनं संध्याकाळी मोटरच्या पेटीतून वायर ओढून तारेला दिली. कुत्र्याचा राग होता, धानाची भीती होती. सकाळी उजाडताच काढून टाकू, असं ठरवलं होतं. रात्रभर जागले आणि पहाटे डोळा लागला.

आणि तुम्ही! तुमची ती वाईट खोड, आधी काम मग चहा. त्यांच्या घरी न जाता सरळ शेतात उतरलात. चिखल नको म्हणून चपला धुऱ्यावर काढल्यात. डब्याजवळ न जाता लांबूनच कान दिलात, टक् टक् नाही. म्हणजे तार मेलेली, आणि काही करू नोका असं तुम्ही फोनवर सांगितलंच होतं. जोड कुठे तुटला ते पाहायला तुम्ही तार मुठीत धरलीत, जशी हजार वेळा धरली होती, जशी माझ्या फोटोत धरली होती.

मी पोचलो तेव्हा करंट बंद केला होता, पण मूठ सुटली नव्हती. टीकारामजीच्या बायकोनं बांबूनं मारून मारून तार तुमच्यापासून तोडायचा प्रयत्न केला होता, तुमच्या दंडावर त्या बांबूचे वळ होते. बोटं एकेक करून मी उघडली. तळहातावर तारेची काळी रेघ, मांस जळालेलं. तो वास माझ्या नाकातून अजून गेला नाही, भाऊजी, जेवताना येतो. आणि कपाळावर, ओल्या केसांखाली, माझ्या कपाटाची खूण.

सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात तुमचा फोन माझ्या हातात वाजला. मी उचलला. "भैया, वो हाथ से तार पकड़ने वाली मशीन..." मी फोन भिंतीवर मारला. उचलून पुन्हा मारला. त्याची बॅटरी निघून बाकाखाली गेली. लोकांनी मला धरलं, एकाला मी चावलो. तरी दुसऱ्या दिवशी तो फोन जोडून चालू केला, कारण तो तुमचा होता. तेव्हापासून माझ्याच जवळ आहे.

तर टीकारामजीच्या अंगणात कुऱ्हाड वर धरून मी उभा होतो. ते म्हणाले, "मी त्यायले कवा पाह्यलंच नाही. मोबाईलवर निस्ता हात पाह्यला होता. शेतात पडलेले दिसले त पहिले हातच वळखला मी." आणि रडायला लागले. तोंड उघडं ठेवून, लाळ गळत, लेकरासारखे.

त्यांच्यावर कुऱ्हाड पडली नाही. डबा कोपऱ्यात पडला होता, पोलिसांनी पाहून, लिहून घेऊन तिथेच सोडलेला. मी त्याच्यावर घाव घातला. पत्रा फाटला. पुन्हा घातला. बॅटरी फुटून आंबट वास सुटला, हात झिणझिणले, मी घालतच राहिलो. झाकण उडून माझ्या पायाशी आलं. स्टिकर मधून फाटून वर उचललं गेलं होतं, आणि खाली लाल मार्कर. वळखीचाच राहील.

तुम्ही लिहीतच होतात, भाऊजी. प्रत्येक डब्यावर. मी वरून झाकायचो हे तुम्हाला माहीत नव्हतं.

मी ते झाकण टीकारामजीला दाखवलं. "इथं लिहिलं होतं," म्हटलं. "मी चिकटवलं त्याच्यावर." मग मारायची पाळी माझी राहिली नव्हती, त्यांची आली होती. कुऱ्हाड त्यांच्या खाटेवर ठेवली. त्यांनी तिला हात लावला नाही. उठून शेताकडे चालायला लागले. आम्ही दोघांनी त्या दुपारी सगळी तार ओढून काढली, खांब उपटले, तोडले. म्हातारी पोत्यांवरून उठून आली आणि तिनंही उपटले. माझे तळहात फाटले. मला ते बरं वाटलं, खरं सांगतो.

ते झाकण घेऊन घरी आलो आणि ताईला सगळं सांगितलं. कपाट, ओळ, स्टिकर, सगळं. ती तेरवीचे तांदूळ निवडत होती. ऐकत गेली. मग उठली, पायातली चप्पल काढली आणि मला मारलं. तोंडावर, डोक्यावर, पाठीवर. बाया धावल्या, "सोड व माय, भाऊ हाय तुहा." ती म्हणाली, "भाऊ हाय म्हूनच मारून राहिली." दमली तेव्हा खाली बसली. म्हणाली, "त्यायनं मले सांगतलं नाही. फाटक लागलं म्हने."

मी म्हटलं, "पान बंद करतो, ताई. तो फोटो मला बघवत नाही."

"बंद कराचं नाही. मशीन त्यायनं बनवली हाय. वाईट नाही थे मशीन." तिनं झाकण मांडीवर घेतलं, उरलेलं स्टिकर नखानं खरडून काढलं. "हात राहू दे. त्याच्यावर हे लिव. जसं लिवलं तसंच लिव, तुही शायनिंग नोको मारू."

मी तसंच केलं. झाकणाचाच फोटो काढला, तुमचंच वाकडं लाल अक्षर, आणि सगळ्यात वर ठेवला. त्याखाली हात. त्याखाली बटण. शंभर टक्के काढून टाकलं. माझे सगळे नियम मोडून केलेलं पहिलं पान, आणि डोळे मिटून केलं असंही नाही. दोन दिवस अक्षर किती मोठं दिसतं ते स्वस्तातल्या मोबाईलवर, उन्हात, तडकलेल्या काचेवर तपासत बसलो. तुम्ही नाकाला नाक लावून वाचायची गरज पडायला नको होती.

धंदा बसला. मी म्हणतच होतो, बसेल. फोन कमी झाले, जे आले त्यातले अर्धे भांडायला. "मशीन बेच रहे हो कि डरा रहे हो?" मी म्हणायचो, दोनों. कोणी हसायचं, कोणी फोन कापायचं. तुमचा फोन टेबलावर ठेवून मी बसून राहायचो आणि तुमच्याशी भांडायचो. बघा, म्हटलं होतं की नाही? मरणाचं लिहिलं की कोणी घेत नाही. तुम्ही उत्तर देत नव्हता, हे माझ्या अंगवळणी पडायला तयार नव्हतं.

काल दुपारी एक फोन आला. अर्जुनी मोरगावकडचा माणूस, आवाज पन्नाशीचा. मी नेहमीसारखी मशीनची माहिती सांगायला लागलो. तो मध्येच म्हणाला, "मले मशीन नाही पाहिजे, भाऊ. थे लाल अक्षरानं लिवलं हाय न वर, थे कोनी लिवलं?"

"माझ्या भाऊजीनं."

"त्यायच्याशी बोलता येईन का?"

"नाही. तो फोटोतला हात त्यांचा. असंच, डायरेक तारेनं गेले."

पलीकडे कोंबडा ओरडला, कोणीतरी भांडी आपटली. मग तो खाली आवाजात म्हणाला, "मी दोन सालांपासून जोडून राहिलो. पेटीतून. माही सून सकाळी त्याच धुऱ्यानं जाते." आणि मग, "काढाची कशी, थे सांगा. मले भेव लागून राहिलं."

भाऊजी, मला तार बांधता येत नाही, हे तुम्ही खरंच बोलला होतात. पण हे मला येत होतं, शंभर वेळा तुमच्या तोंडून ऐकलं होतं. म्हटलं, काका, फोन कापू नका, चालत जा पेटीपर्यंत. पायात चप्पल आहे? घाला. कोरडी घाला. तारेपासून लांबून जा. आधी मेन स्विच खाली पाडा. पाडलं? परत बघा, पाडलं? आता वायर पेटीकडून सोडवा, तारेकडून नाही. मला त्याचा श्वास ऐकू येत होता. माझा हात टेबलावर असा आवळला होता की नखं रुतली.

"काढली," तो म्हणाला. "काढली, भाऊ. हातात हाय." आणि फोन ठेवला. मशीन घेतली नाही.

एक काढली, भाऊजी.